वेसणीचं अस्वल

वरवंडपासून न्हावऱ्यापर्यंत आमच्याकडं कुणाच्या घरी पोरगी लग्नाला आली की दोन माणसांना निरोप जातो. एक भटजी आणि दुसरे तात्याबा टेंगले. त्यातले भटजी एकवेळ बदलता येतात.

तात्याबांचं काम मुलगा बघायचं. मुलीकडची मंडळी मुलाचं घर बघायला निघाली की जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची. पगार किती, रान किती, बहिणी किती, हे असले प्रश्न बाकीच्यांनी विचारायचे. तात्याबा नुसते बसून राहतात. पोरगा चप्पल कुठं काढतो, अंगणातल्या कुत्र्याला हाकलताना पाय उचलतो का, पाण्याचा तांब्या आधी कुणापुढं धरतो, एवढंच बघतात. अर्धी हयात मेंढरांमागं गेली, त्यामुळे माप मेंढरांचंच. एडका घ्यायचा तर दात बघावेत, खूर बघावेत आणि मग त्याला एकटा बांधून लांब जाऊन बसावं. कळपातून तोडल्यावर जो धिंगाणा घालतो तो घेऊ नये आणि जो मुकाट उभा राहतो तोही घेऊ नये. मग कसला घ्यावा, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. परतताना जीपमध्ये सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतात आणि ते एका शब्दात सांगतात, "व्हय," नाहीतर "न्हाई." यवतकडच्या एका इंजिनिअरला त्यांनी "न्हाई" म्हटलं, कारण त्यानं खाली बसलेली कोंबडी न उठवता मोटारसायकलला किक मारली. कोंबडी वाचली, सोयरीक गेली.

मेंढरं विकून आता बरीच वर्षं झाली. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस आहे, दावणीला शेळ्या आहेत, आणि पारख तेवढी शिल्लक आहे. ती दुसऱ्यांच्या पोरींसाठी वापरली जात होती तोवर सगळं सुरळीत होतं.

मोनिका ही त्यांची एकुलती एक लेक. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, चौफुल्यावरून कंपनीची बस पकडते. एका सकाळी आई, म्हणजे सखूबाई, भाकरी थापत असताना तिनं सांगून टाकलं, की मला एक मुलगा पसंत आहे. नाव माऊली. इनामगावचा. आमच्याच कंपनीत सीएनसी मशीन चालवतो. आपल्यातलाच आहे आणि सोयरिकीला कुठलं नातंही आड येत नाही.

"आपल्यातलाच" ऐकून सखूबाईंच्या जिवात जीव आला. तात्याबांचा मात्र आधारच गेला. दुसऱ्या जातीचा असता तर निदान आरडाओरडा तरी करता आला असता.

"आप्पा, तुम्ही त्याला बघा," मोनिका म्हणाली. "तुम्ही न्हाई म्हणला तर मी करणार न्हाई. पण बघून म्हणा. बेस्तरवारी त्याच्या घरची मानसं येणार हायेत, त्याच्या आत."

खरं सांगायचं तर तात्याबांना "न्हाई"च म्हणायचं होतं. का म्हणायचं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. संध्याकाळी कंपनीची बस यायच्या सुमाराला ते रोज चौफुल्यावर काही ना काही काम काढून जातात. कधी खताची चौकशी, कधी चहापत्ती, कधी नुसतंच. बस आली की मोनिका उतरते, "आप्पा, तुम्ही इथं कसं?" म्हणते, आणि ते म्हणतात, "आलो हुतो जरा." लेक इनामगावला दिली की हे काम संपणार होतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. पण चौफुल्याला काम उरणार नाही म्हणून मुलगा नापसंत, असं काही पंचांपुढं सांगता येत नाही. कारण मुलातलंच हवं.

म्हणून ते कुणाला न सांगता इनामगावला जाऊन आले. चहाच्या टपरीवर बसून चौकशी केली. ज्यानं त्यानं माऊलीचं कौतुकच केलं. तात्याबा हिरमुसले. येताना एवढंच हाती लागलं, की माऊलीचं रान त्या जुन्या टेकाडाला लागून आहे, जिथं खणून खणून शास्त्रज्ञांनी पुरातन माणसांची घरं काढली, मडकी काढली, हाडं काढली. घरी येऊन त्यांनी हे सखूबाईंपुढं ठेवलं. "असल्या शेजाराला पोरगी द्यायची व्हय?"

"ती मानसं मरून हजारो वर्सं झाली," सखूबाई म्हणाल्या. "ती काय हिच्याकडं पीठ मागायला येत्यात का?"

तेही गेलं. मग मोनिकानंच वाट दाखवली. "घरी गेलात तर त्यो टोपी घालून शहाण्यावानी बसंल. तुमचं नाव आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. त्यापरीस रविवारी खेळाला या. खेळताना माणूस लपत न्हाई."

हे तात्याबांना पटलं. एडकासुद्धा बाजारात वेगळा असतो आणि रानात वेगळा. मोनिका दर रविवारी दुपारी केडगावला कसल्यातरी खेळाला जाते हे त्यांना माहीत होतं. त्यांची समजूत होती की ती भिशी असावी.

ती भिशी नव्हती. केडगाव स्टेशनजवळ अनुपमा मॅडमचं घर, त्याच्या गच्चीवर पत्र्याची खोली, खोलीत मोठं टेबल. अनुपमा मॅडम शाळेत भूगोल शिकवतात आणि रविवारी दैत्य चालवतात. गोष्ट त्या सांगणार. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. काही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, बारका आला तर फजिती. मोनिका जादूगारीण होती. माऊली ढालतलवारीचा योद्धा. मोबाईल दुरुस्तीवाला दत्ता चोर झाला होता आणि ते त्याला शोभतंय, असं तात्याबांचं पहिल्या नजरेतच मत झालं.

"या मामा," माऊली दारातच म्हणाला.

मामा काय, एसटीचा कंडक्टरही म्हणतो. पण आमच्याकडं सासऱ्यालाही मामाच म्हणतात, त्यामुळं तात्याबांना तो शब्द जरा घाईचा वाटला. त्यांनी खाली बघितलं. सगळ्यांच्या चपला ओळीनं लावलेल्या होत्या. हे शिकवून आणलंय, त्यांनी मनात नोंद केली आणि कोपऱ्यातली खुर्ची धरली.

"मामा, इथं नुसतं बघायला बसता येत नाही," अनुपमा मॅडम म्हणाल्या. "बघणारा असला की खेळणारी बुजतात. बसायचं तर पात्र घ्यायचं."

तात्याबांनी विचार केला. "ह्यो लढाईत कुठं असतो?"

"माऊली? सगळ्यात पुढं."

"मग मला बी पुढंच ठिवा. ह्याच्या शेजारी."

आता पुढं उभं राहून हाणामारी करणारा, पण योद्धा सोडून दुसरा कोण, याचा शोध सुरू झाला. जादूगाराला मंत्र पाठ लागतात आणि तात्याबांना स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नव्हता. चोर त्यांच्या घराण्यात झालेला नव्हता. पुजारीपण हे गुरवाचं काम, त्यात आपण पडू नये. शेवटी मॅडमनी ड्रुइड सुचवला. ड्रुइड म्हणजे रानात राहणारा, झाडपाल्याची विद्या असलेला आणि मनात येईल तेव्हा जनावर होणारा माणूस.

"जनावर म्हंजी सोंग, का खरंच?"

"खरंच. दात, नखं, ताकद, सगळं जनावराचं. मार बसून जनावराचा जीव संपला की परत माणूस."

"हे बरं हाय," तात्याबा म्हणाले. "हे जमंल."

गुण वाटायची वेळ आली तसा दत्ता सरसावून बसला. या विषयातला तो तिथला जाणकार. "मामा, ताकदीवर मार्क घालू नका. शहाणपण वर ठेवा, त्याच्याखाली काटकपणा. ताकद कमी असली तरी चालतंय. जनावर झालात की जनावराची ताकद लागू. माणसाच्या ताकदीवर घातलेलं मार्क वाया."

"म्हंजी माणूस काडीपैलवान आन् जनावर दांडगं?"

"बरोबर."

"हे आमच्या मेव्हण्यासारखं झालं," तात्याबा म्हणाले. मेव्हणे एरवी तोंडातून ब्र काढत नाहीत, पण वरातीत बँजो वाजला की चार माणसांना आवरत नाहीत. उदाहरण घरचंच असल्यामुळं त्यांनी निमूट मान्य केलं. ताकद कमी, शहाणपण भरपूर.

नाव ठेवलं म्हाळू. एवढ्यावर भागलं असतं. पण तात्याबांनी उभ्या जन्मात माहिती काढल्याशिवाय कुणाला पुढं सरकू दिलेलं नाही, तर स्वतःच्या पात्राला कसं सोडतील? म्हाळूचं कुळदैवत खंडोबा. मामाचं गाव पारगाव. दोन बहिणी, दोन्ही बऱ्या घरी दिलेल्या. बापाला गुडघ्याचा त्रास. म्हाळूचं लग्न का झालं नाही, असं दत्तानं उगाच विचारलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं. "स्थळं येत्यात. पण ह्यो जनावर हुतो हे लपवून ठिवणं बरं न्हाई, आन् सांगितलं की मानसं चहा पिऊन जात्यात."

माऊली हसला नाही. "मामा, खरंय," एवढंच म्हणाला. तात्याबांनी त्याच्याकडं संशयानं बघितलं.

मग जनावरं. खेळाचा नियम असा, की जे जनावर आपण डोळ्यांनी पाहिलंय तेच होता येतं. दत्ता म्हणाला, समोरासमोर भिडायचं तर अस्वलासारखं जनावर नाही. अस्वल पाहिलंय का?

"पाहिलंय की. ल्हान हुतो तवा, दौंडच्या बाजारात. दरवेशी घिऊन आला हुता."

"झालं मग. अस्वल पक्कं."

"पन त्याच्या नाकात वेसण हुती," तात्याबा म्हणाले. "आन् पाठीवरचं केस गेलं हुतं. डमरू वाजला की मागच्या पायावर हुभं ऱ्हाऊन नाचायचं."

"ते सोडा. तुम्ही साधं अस्वल व्हा."

"साधं अस्वल म्या पाहिलंच न्हाई. जे पाहिलं तेच हुनार ना? नियम तुमचाच हाय."

अनुपमा मॅडम जरा वेळ पंख्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या की मामांचं बरोबर आहे. म्हाळूचं अस्वल वेसण घातलेलं, पाठीवर टक्कल पडलेलं आणि नाचणारं ठरलं. दत्तानं कपाळावर हात मारून घेतला आणि बिबट्याचं विचारलं. उसात बिबट्या आता कुणी पाहिला नाही?

"शेपूट पाहिलंय," तात्याबा म्हणाले.

"नुसतं शेपूट?"

"बाकीचा उसात हुता."

म्हाळूला बिबट्याच्या शेपटापुरती परवानगी मिळाली. मग दत्तानं शेवटचा पत्ता टाकला, लांडगा. शत्रूला पाडण्यात लांडग्याचा हात कुणी धरणार नाही, आणि मेंढरांमागं फिरलेल्या माणसानं लांडगा पाहिला नाही असं होणारच नाही.

"त्यो व्हायचं न्हाई," तात्याबा म्हणाले. आवाज एकदम बदलला. त्यांच्या घरात सांगत आलेत, की दोन भाऊ होते, मेंढरांच्या वाटणीत धाकट्याला काही दिलं नाही, तो रुसून रानात गेला आणि लांडगा झाला. म्हणून त्यानं एखादं मेंढरू नेलं तर टेंगल्यांच्यात त्याला चोरी म्हणत नाहीत, हिस्सा म्हणतात. "भावाच्या जागंवर आपुन जाऊन बसायचं? उद्या त्यो कोर्टात गेला म्हंजी?"

हे असं पात्र घेऊन तात्याबा दरीवरच्या झुलत्या पुलापाशी पोचले. पलीकडच्या गावाची वाट दैत्यांनी अडवली होती. प्रत्येकानं आपापल्या पाळीला एकेक गोष्ट करायची, हा नियम मात्र त्यांना कुणी समजावून द्यावा लागला नाही. कॅनॉलचं बारं कधी उघडतंय याची वाट बघत ऊस जगवणाऱ्या माणसाला पाळी कळते. दत्ता मध्येच बोलायला लागला तर ते म्हणाले, "तुझं बारं बंद हाय आत्ता." मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पुढं तसंच ठेवलं.

पहिल्याच पाळीला, सगळे हत्यारं काढून उभे असताना, म्हाळू पुढं झाला आणि त्यानं मोठ्या दैत्याला विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं?"

"वरचा घाट," दैत्याच्या वतीनं मॅडम गडबडून म्हणाल्या.

"आन् मामाचं गाव?"

दैत्याला मामा आहे की नाही, हे मॅडमनी ठरवलेलं नव्हतं. दैत्य विचारात पडला, त्याची पाळी हुकली, आणि तेवढ्यात दत्ताच्या चोरानं त्याच्या टाचेत सुरा घातला. टेबलावर एकच हशा झाला. तात्याबा हसले नाहीत. ज्याला मामाचं गाव सांगता येत नाही त्याच्याशी लढायला हरकत नाही, एवढी त्यांची खात्री पटली.

मग म्हाळू अस्वल झाला. आता हे मान्य केलं पाहिजे, की तात्याबांना मजा यायला लागली. खुर्चीतून ते अर्धे उठले होते, फेटा मागं सरकला होता, आणि फासा टाकताना ते त्याच्यावर फुंकर मारत होते. अस्वलानं एका दैत्याला पंजा मारून पार दरीत लोटला. शेजारी माऊलीचा योद्धा ढाल धरून उभा. तात्याबा एका डोळ्यानं फासा बघत होते आणि एका डोळ्यानं पोरगा. खोट सापडेना. हरला तर चिडत नव्हता, जिंकला तर नाचत नव्हता.

नाचलं ते अस्वल. मोठ्या दैत्यानं पुलाच्या फळीवर गदा आपटायला सुरुवात केली. धाड धाड धाड. तात्याबांनी हात वर केला.

"थांबा. त्यानं ठेका धरलाय. माझं अस्वल नाचनार."

"आप्पा, कशाला?" मोनिका म्हणाली. "कुणी म्हणलं का नाचा म्हणून?"

"कुणी म्हणायला कशाला पायजे? ठेका आला की त्याला ऱ्हावत न्हाई. म्या पाहिलंय."

अस्वल झुलत्या पुलावर मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाचायला लागलं. पूल हेलकावे खाऊ लागला. दत्ताचा चोर पडून दोरीला लोंबकळला. मोनिकाची जादूगारीण तोल जाऊन सरळ एका दैत्याच्या मुठीत सापडली आणि मोठ्या दैत्यानं अस्वलाची वेसण धरून त्याला असं बदडलं की त्याचा जीव संपला. पुलावर उरला नुसता म्हाळू. काडीपैलवान, भरपूर शहाणा, हातात काही नाही.

माऊलीची पाळी आली. "मी मामांच्या पुढं जाऊन ढाल धरतो."

तात्याबांना बरं वाटलं. पोरगा मोठ्यांना मानतो. पुढच्या पाळीला मोनिका म्हणाली, "माऊली, इकडं. ह्यो मला दरीपलीकडं न्यायला लागलाय." माऊलीनं तिच्याकडं बघितलं, तात्याबांकडं बघितलं आणि म्हणाला, "मामांना सोडून कसं यिऊ? मी ढाल धरूनच राहतो." त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच.

आणि तात्याबांना सापडलं.

इतके दिवस शोधत होते ते समोर येऊन उभं राहिलं. बायको दैत्याच्या मुठीत आणि हा सासऱ्याच्या डोक्यावर ढाल धरून उभा. असला जावई पोरीच्या काय कामाचा? त्यांना पक्कं, चोख, कुठंही सांगता येईल असं "न्हाई" मिळालं. सखूबाई त्यावर काही बोलू शकल्या नसत्या. मोनिकासुद्धा नाही. तात्याबांना इतका आनंद झाला की त्यांनी समोरची बाकरवडी उचलून तोंडात टाकली.

चावता चावता त्यांनी मोनिकाकडं बघितलं. ती चिडली असेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडलेली नव्हती. ती माऊलीच्या नजरेमागं नजर नेत होती, आणि ती नजर येऊन थांबत होती तात्याबांच्या तोंडावर. तिला त्याचं नवल वाटलेलं दिसत नव्हतं. तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेतल्या बाई प्रवेशाच्या वेळी तिच्याशी बोलायच्या आणि बघायच्या आप्पांकडं. कापडाचा दुकानदार तिच्या अंगाला कापड लावायचा आणि बघायचा आप्पांकडं. आता हा एक जण तिनं स्वतः शोधून आणला होता, आणि तोही आप्पांकडंच बघत होता.

तात्याबांनी बाकरवडी पाण्याबरोबर गिळून टाकली.

"पोरा," ते म्हणाले, "मी मेलो तर काय हुतंय रं? खेळ तर हाय."

माऊलीनं हातातला फासा खाली ठेवला. "मामा, तुम्ही मेला तर तुम्हाला राग येईल. मग तुम्ही बेस्तरवारी न्हाई म्हणाल."

खालून स्टेशनावरून मालगाडी गेली.

"आन् दैत्याची भीती न्हाई वाटत?"

"दैत्य मॅडमचा हाय," माऊली म्हणाला. "त्यो रविवारपुरता."

तात्याबांनी आजवर किती पोरांची घरं बघितली असतील. सगळ्यांनी चपला नीट काढल्या, कुत्र्याला गोंजारलं, तांब्या म्हाताऱ्यांपुढं आधी धरला. ती पोरं कशी होती ते तात्याबांना आज कळेना झालं. त्यांना एवढंच कळलं, की ती सगळी तात्याबांना भ्यालेली होती. याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्या कोंबडीवाल्या इंजिनिअरचं पहिल्यांदाच जरा कौतुक वाटलं.

"मामा, तुमची पाळी," मॅडम म्हणाल्या.

"म्हाळू मेला," तात्याबा म्हणाले.

"नाही मामा, अजून जीव आहे त्याच्यात. बिबट्याचं शेपूटही वापरलेलं नाही तुम्ही."

"मेला म्हणतो ना. त्याच्या जिवाचं मला ठाव का तुमाला? भ्याला बी न्हाई, पडला बी न्हाई, हुभ्या हुभ्या गेला." मग माऊलीकडं वळून म्हणाले, "आता हितं राखायला कुणी न्हाई. कुणाच्या तोंडाकडं बघतुयास? जा की तिकडं."

मॅडमनी मान डोलावली. खेळणाराच मेला म्हणतोय तर मेला. माऊली धावला. त्यानं फासा टाकला आणि नेमका एक पडला. तलवार हातातून निसटून दरीत गेली. ती कुठं गेली म्हणून तो वाकून बघायला लागला आणि दैत्यही बिचारा वाकून बघायला लागला. तेवढ्यात मोनिकानं मुठीतल्या मुठीत अग्नीचा मंत्र म्हणून दैत्याची दाढी पेटवली, खाली उडी मारली आणि माऊलीला कॉलरला धरून पुलाच्या पलीकडं ओढत नेलं.

"दैत्य पळाले," मॅडम म्हणाल्या. "वाट मोकळी झाली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्याबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. एका दुपारीत तयार केलेला माणूस, पण त्याच्या दोन बहिणी होत्या, बापाचा गुडघा दुखत होता. "मामाच्या गावाला कळवा," ते मॅडमना म्हणाले. "पारगावला." मॅडमनी कळवते म्हणून सांगितलं. दत्तानं त्यांना दुसरा चहा आणून दिला.

येताना स्कूटी मोनिका चालवत होती, तात्याबा मागं बसले होते. चौफुला आला, गेला. वस्तीवर पोचले तेव्हा सखूबाई दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता जो एवढी वर्षं जीपमधल्या माणसांच्या डोळ्यांत असायचा.

"काय ठरलं? व्हय का न्हाई?"

"मला काय इचारती? तिला इचार."

सखूबाईंनी नवऱ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमाला इचारतीय. तुमी गेला हुता बघायला."

"मी दुपारीच मेलो," तात्याबा म्हणाले. "मेलेल्या मानसाला काय इचारायचं? पोरगी हुभी हाय समोर, तिला इचार."

सखूबाईंनी मग मोनिकाकडं तोंड केलं. लग्न होऊन आल्यापासून या घरात असा प्रश्न त्यांनी बाईमाणसाला कधी विचारलेला नव्हता, त्यामुळं तो कसा विचारायचा हे त्यांना चटकन सुचेना. "काय गं," त्या म्हणाल्या, "पसंत हाय का तुला?"

मोनिकानं स्कूटी स्टँडवर लावली. ओढणी सोडली. हातपाय धुतले. "बघते अजून," म्हणाली.

"अगं, तूच तर म्हणली हुतीस पसंत हाय. बेस्तरवारी मानसं येणार ना?"

"येऊ देत की. चहा पिऊन जातील."

आता तात्याबांना घाम फुटला. ज्याला नापसंत करायला ते दुपारी घराबाहेर पडले होते, त्याची बाजू त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडायला लागली. "पोरगं चांगलं हाय गं. भित्रं हाय, पन विचारल्यावर खरं बोललं. फासा वाईट पडला त्याला त्यो काय करनार? मोठमोठ्यांच्या हातनं तलवारी पडत्यात. आन् रान बी चांगलं हाय, मी बघून आलोय. ती टेकाडातली मानसं काय तरास देत न्हाईत."

"आप्पा," मोनिका म्हणाली, "मला आजवर कुणी इचारलं नव्हतं. लगीच सांगून टाकलं म्हंजी संपलंच की. जरा राहू द्या असंच."

तात्याबा तडक गोठ्याच्या मागं गेले आणि मोनिकाच्या फोनवरून आधीच उतरवून घेतलेला माऊलीचा नंबर लावला. पलीकडनं पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मामा, नमस्कार. काय ठरलं?"

"ते आता माझ्याकडं न्हाई. तिच्याकडं हाय."

"मग आता तिला भ्यायचं का मामा?"

"व्हय," तात्याबा हळू आवाजात म्हणाले. "मी बी तेच करतोय."

त्यांनी गोठ्याच्या कुडाआडून घराकडं बघितलं. दिवा लागला होता आणि उंबऱ्यावर मोनिका निवांत शेंगा फोडत बसली होती.